ट्रेकला वाट दाखवणाऱ्या गाइडला टीप द्यायची का? किती, कधी आणि कुणाच्या हातात?

रविवारची संध्याकाळ. ट्रेक संपलाय, सगळ्यांचे बूट चिखलाने भरलेत, कर्जत स्टेशनला सोडणारी टमटम हॉर्न मारतेय. सकाळपासून पुढे चालून वाट दाखवणारा गावातला दादा बाजूला शांत उभा आहे. तेवढ्यात ग्रुपमधला एकजण हळूच विचारतो, "दादाला काही द्यायचं का?" दुसरा म्हणतो, "लीडरने दिले असतील की." तिसरा पाकीट उघडतो, तर आत फक्त पाचशेची नोट. चौथ्याचा फोन जीपेसाठी रेंज शोधतोय. शेवटी सगळे "थँक यू दादा" म्हणत टमटममध्ये बसतात आणि विषय संपतो.

कर्जत-खालापूरच्या डोंगरात दर वीकेंडला कुठे ना कुठे हे घडतं. हॉटेलात वेटरला किती टीप द्यायची हे आपल्याला साधारण माहीत असतं. पण चार-सहा तास आपल्या जिवाची काळजी वाहणाऱ्या माणसाला काय द्यायचं, याचा कुठलाच नियम आपल्याकडे ठरलेला नाही.

जगात यावर अख्खे नियम आहेत

अमेरिकेत पैसे भरून शिकारीच्या सहलीला जायची पद्धत आहे. एखादी कंपनी तंबू, जेवण, परवाना सगळं बघते आणि सोबत गाइड देते. तिथे सहलीच्या खर्चाच्या साधारण 10 ते 20 टक्के रक्कम गाइडला टीप म्हणून द्यावी, असा रिवाज आहे. स्वयंपाक्याला वेगळी टीप. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिकार मिळाली की नाही, यावर टीप ठरवू नये असं तिथले जाणकार आवर्जून सांगतात. गाइडने मेहनत किती घेतली ते बघायचं. हरीण समोर आलं नाही, तर त्यात त्याची चूक नसते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या सहली इतिहासजमा झाल्या, आणि ते बरंच झालं. पण जंगलाची खडान्खडा माहिती असलेल्या गावकऱ्याने बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाट दाखवायची, हे काम काही थांबलं नाही. फक्त बंदूक गेली आणि हातात कॅमेरा, सेल्फी स्टिक आली.

या भागात तर या कामाला फार जुना इतिहास आहे. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान 'शोधलं', असं आपण वाचतो. तो वर चढला तो खालापूरच्या चौक गावाकडून. त्यानंतर त्याने चौकच्या पाटलाला सोबत घेतलं आणि डोंगरावरच्या जागांची नावं त्याच्याकडून समजून घेतली, असं माथेरानच्या इतिहासात सांगितलं जातं. मॅलेटचं नाव पुढे तिथल्या एका झऱ्याला मिळालं. पाटलाला काय मिळालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आधी एक गोंधळ दूर करू: मजुरी वेगळी, टीप वेगळी

मराठीत या माणसासाठी छान शब्द आहे, वाटाड्या. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे, आणि वाटाडे बहुतेक याच वाड्यांमधले. पावसाळ्यात भातशेती, नंतर मिळेल ती मजुरी आणि शनिवार-रविवारी ट्रेकर्स, असं अनेकांचं वर्षाचं गणित असतं.

वाट दाखवण्याचा जो दर ठरतो, ती त्याची मजुरी. ती आधी ठरवायची आणि पूर्ण द्यायची. टीप ही त्यावरची, आपल्या खुशीची रक्कम. ऐकायला सोपं वाटतं, पण गडबड इथेच होते. सकाळी "हजार जास्त होतात, सातशे घ्या" म्हणून घासाघीस करायची आणि संध्याकाळी दोनशे रुपये हातावर ठेवून "ही तुमची टीप" म्हणायचं, याला टीप म्हणत नाहीत. त्याचेच पैसे त्याला कमी करून परत देणं झालं ते.

दर किती असावा, याचं सगळीकडे चालेल असं रेटकार्ड नाही. वाट किती लांब आहे, दोर लावायचा आहे का, ग्रुप केवढा आहे, यावर तो ठरतो. अंदाजासाठी एक आकडा हाताशी ठेवता येईल. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा मजुरी दर दिवसाला 312 रुपये होता. हा सरकारी कामाचा किमान हिशेब झाला. वीस अनोळखी माणसांना कड्याच्या कडेने सुखरूप नेऊन आणायचं काम याच दरात मागणं, हे कुणालाही पटणार नाही.

मग टीप किती?

सोपा हिशेब असा. दिवसभराच्या ट्रेकला ठरलेल्या मजुरीच्या साधारण पाचव्या हिश्शापासून सुरुवात करा. मजुरी हजार ठरली असेल, तर दोनशे. दहा जणांच्या ग्रुपमध्ये माणशी वीस रुपयांची कॉन्ट्री झाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या एका वडापावाची किंमत. प्रत्येकी पन्नास काढले तर पाचशे होतात, आणि त्या माणसासाठी पाचशे रुपये ही खरोखर मोठी गोष्ट असते.

पण काही वाटांवर हा हिशेब वाढवायला हवा. सगळ्यात मोठं उदाहरण खांडसहून भीमाशंकरचं. कर्जत तालुक्यातल्या खांडसमधून दोन वाटा वर जातात, शिडी घाट आणि गणेश घाट. ट्रेकर्स वर पोहोचतात, ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतात आणि अनेकजण तिथूनच पुण्याकडची एसटी पकडून निघून जातात. गाइडचं घर मात्र खाली खांडसला असतं. म्हणजे तुमचा ट्रेक संपला की त्याचा अर्धा बाकी असतो, तोही एकट्याने, कधी अंधारात. कोंढाणे लेण्यांच्या वाटेने राजमाचीवर जाऊन पुढे लोणावळ्याला उतरणाऱ्यांचंही हेच. अशा वेळी परतीचे तास मजुरीतच धरलेत का, हे सकाळीच विचारा. धरले नसतील तर ते द्या, आणि टीप त्याच्या वर.

दुसरं उदाहरण सांडशीच्या बाजूने जाणाऱ्या ढाक बहिरीचं. ठाकर समाजाचं श्रद्धास्थान असलेली ही गुहा उभ्या कड्यात आहे आणि शेवटचा टप्पा कातळात हातापायाने चढायचा. इथे नेणारा माणूस फक्त वाट दाखवत नाही. तुमचा पाय कुठल्या खोबणीत ठेवायचा, तेही तो स्वतः हाताने धरून दाखवतो. त्याच्या तुलनेत आंबिवलीहून पेठच्या कोथळीगडाची वाट सरळ. तिथली खरी गंमत शेवटी, सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांमध्ये आहे. दोन्हीकडे एकच रक्कम ठरवून जाणं बरोबर नाही.

गाइड म्हणाला "इथून परत फिरू", तर टीप कापायची का?

अजिबात नाही. उलट त्या दिवशी दोन पैसे जास्त द्यायला हवेत.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट अडकली आहे. समजा जुलैचा महिना आहे. मुंबईहून पहाटेची लोकल पकडून पंधराजण आलेत. अर्ध्या वाटेवर पाऊस वाढतो, ओढ्याचं पाणी गढूळ होतं. गाइड ओढ्याकडे बघतो आणि म्हणतो, आज नको. पाणी गढूळ झालं म्हणजे वर कुठेतरी जोराचा पाऊस पडला आहे आणि लोंढा यायला वेळ लागणार नाही, हे त्याला कळतं. ग्रुपला फक्त इतकंच दिसतं, की रील अर्धवट राहिली.

मग सुरू होतं, "अरे काही होत नाही दादा, शंभर-शंभर जास्त देतो, चल." इथे त्या माणसासमोर खरा पेच असतो. हो म्हणावं तर जीव धोक्यात, त्याचाही. नाही म्हणावं तर टीप गेली, वर "हा गाइड घाबरट आहे" असं कुणीतरी ऑनलाइन लिहिणार आणि पुढच्या रविवारचं गिऱ्हाईक जाणार. वर पोहोचलो तरच पैसे देऊ, असं ठरवणारे ग्रुप नकळत गाइडला धोका पत्करायला लावतात. शिकारीच्या गाइडबद्दलचा तो अमेरिकन रिवाज इथे नेमका लागू पडतो. मजुरी पूर्ण द्यायची, टीपही पूर्ण द्यायची आणि परत फिरायचं.

पावसाळ्यात कर्जत आणि खालापूरमधल्या धबधब्यांवर, धरणांवर प्रशासनाचे बंदीचे आदेश निघत असतात. बंदी असताना "मागच्या वाटेने सोडता का?" म्हणून जे पैसे दिले जातात, ते कुठल्याच हिशेबात टीप नाहीत. पकडले गेलात तर तुम्ही दंड भरून मुंबईला निघून जाल. गाइडला त्याच गावात, त्याच पोलीस पाटलासमोर राहायचं असतं.

ट्रेकची फी भरली आहे, मग वेगळी टीप कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. आजकाल बहुतेकजण इन्स्टाग्रामवर पोस्टर बघून एखाद्या ग्रुपसोबत जातात. समजा फी माणशी 1,000 रुपये आणि लोक 40. म्हणजे 40,000 रुपये जमा झाले. यातून प्रवास, नाश्ता, जेवण, ट्रेक लीडर, प्रवेश शुल्क आणि संयोजकांचा नफा निघतो. स्थानिक गाइडचे पैसेही यातूनच जातात. किती जातात, ते पोस्टरवर लिहिलेलं नसतं.

विचारायला हरकत काय आहे? "गावातला गाइड घेणार आहात का, आणि त्याला किती देता?" हा प्रश्न पैसे भरण्याआधीच ग्रुपच्या नंबरवर टाका. नीट चालवणारे संयोजक सरळ उत्तर देतात. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं आणि सुरक्षेचे नियम पाळणं अपेक्षित आहे. नोंदणीबद्दलही त्याच मेसेजमध्ये विचारून टाका.

आता ट्रेक लीडर आणि गाइड यांतला फरक. लीडर तुमच्यासोबत मुंबई-पुण्याहून येतो, गाइड गावात भेटतो. लीडरला टीप देणं ऐच्छिक. अनेक जुन्या गिर्यारोहण संस्थांमध्ये लीडर हौसेने, एक रुपया न घेता येतात आणि त्यांच्या हातात पैसे ठेवले तर त्यांना अवघडल्यासारखं होतं. त्यांना चहा पाजा. टीपेसाठी शंभरच रुपये काढता येत असतील, तर ते गावातल्या माणसाला द्या.

आणि ते लीडरकडे देऊ नका. थेट गाइडच्या हातात द्या. यात लीडरवर अविश्वास दाखवायचा नाही, पण मधल्या हातांमध्ये हिशेब हरवतो. टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर हा प्रश्न फार मोठा आहे. एका मोहिमेत गाइड, आचारी आणि ओझं वाहणारे मिळून कितीतरी माणसं असतात. सगळी टीप मुख्य गाइडकडे दिली, तर शेवटच्या हमालापर्यंत किती पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून तिथे शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकत्र बोलावून कुणाला किती दिले ते मोठ्याने सांगायची पद्धत आहे. दोन गाइड असतील तर आपल्याकडेही हेच करता येतं. दोघांसमोर आकडा सांगायचा.

माथेरानची गोष्ट थोडी वेगळी

माथेरान कर्जत तालुक्यातच येतं, पण तिथला मामला जरा निराळा आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे घोडा, ई-रिक्षा किंवा चालत. घोड्याचे दर ठरलेले असतात, त्यामुळे आधी दर बघून घ्या. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. लगाम धरून तुमच्यासोबत लाल मातीतून धावणारा मुलगा घोड्याचा मालक असेलच असं नाही. भाडं मालकाकडे जातं. टीप त्या मुलाच्या हातात द्यायची.

माथेरानच्या हातरिक्षा बंद करायचा मात्र आदेश झालेला आहे. माणसाने माणसाला ओढत नेण्याची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात यासाठी योजना करायला सांगितली. इतकी वर्षं त्या चढावर अनेक पर्यटकांनी भरघोस टीप देऊन स्वतःची समजूत काढली होती.

कर्जतच्या रिसॉर्टमध्ये राहणार असाल तर बिल नीट बघा. ग्राहकाला न विचारता बिलात सेवा शुल्क लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. ते पैसे वाचले, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला धबधब्यावर नेणाऱ्या माणसाचा विचार करा.

इर्शाळगडाबद्दल

खालापूरमधल्या इर्शाळगडाचं नाव घेताना थांबावं लागतं. 19 जुलै 2023 च्या रात्री गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ही ठाकर समाजाची वाडी. गडावर जाणारे शेकडो ट्रेकर्स तिथे थांबून पाणी प्यायचे, चहा घ्यायचे, तिथल्याच कुणाला तरी सोबत घेऊन वर जायचे. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. त्या रात्री मदतपथकांना पावसात, अंधारात तो डोंगर पायीच चढावा लागला. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहक मदतीला धावले, त्यांना ही वाट पायाखालची होती.

गडाची वाट त्याच जागेवरून जाते. पुन्हा तिकडे जाणं आज योग्य आहे का, हे आधी चौकमध्ये विचारा. आणि गेलातच तर त्या जागेवर कॅमेरा बंद ठेवा.

देताना कसं द्यायचं?

सुटे पैसे घरूनच घेऊन निघा. पन्नास आणि शंभरच्या नोटा. अनेक वाड्यांवर रेंज नसते आणि ज्या क्यूआर कोडवर तुम्ही पैसे टाकता तो कधी कधी दुकानदाराचा असतो, गाइडचा नाही.

टीप शेवटी द्या, गडबडीत नाही. टमटम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी दोन मिनिटं थांबायचं, ठरलेली मजुरी वेगळी द्यायची आणि मग सांगायचं, "दादा, हे ठरलेले. आणि हे आमच्याकडून, वेगळे." वयाने मोठा असेल तर काका, बाबा म्हणा. "ए गाइड" ही हाक या डोंगरात शोभत नाही. 'चहापाण्याला' हा शब्दही जपून वापरावा. सरकारी कचेऱ्यांनी तो पार बदनाम करून ठेवलाय.

"राहू द्या हो" असं तो एकदा म्हणेल. बहुतेक वेळा तो संकोच असतो, दुसऱ्यांदा आग्रह केला की घेतील. तरीही नाहीच म्हणाला, तर तिथेच थांबा. त्याच्या खिशात नोट कोंबू नका. आणि देतानाचा व्हिडिओ काढू नका. हातावर नोट ठेवताना कॅमेऱ्याकडे बघून हसणारा पाहुणा आणि मान खाली घातलेला गावकरी, असल्या रील्स आधीच पुरेशा आहेत.

जुने बूट, जॅकेट, सॅक द्यायची असेल तर आनंदाने द्या, पण आधी विचारून आणि टीपेच्या बदल्यात नाही. लहान मुलांच्या हातात पैसे किंवा चॉकलेटं देऊ नका. एका रविवारी दहा जणांनी दिलं, की पुढच्या रविवारी पोरं वाटेवर हात पसरून उभी राहतात, आणि त्याचा त्रास त्यांच्या आईबापांना होतो. दारू कुणालाही नाही. हे सांगावं लागतं, कारण काही ग्रुप उरलेली बाटली 'टीप' म्हणून देऊन येतात.

आणि एक व्यक्ती सगळ्यांच्या हिशेबातून सुटते. वाडीवर पिठलं-भाकरी जेवलात, तर ताटाचे पैसे ठरलेले असतात आणि ते घरातल्या पुरुषाच्या हातात जातात. चाळीस जणांच्या भाकऱ्या थापायला जी बाई पहाटे चारला चुलीपुढे बसली, तिला बाहेर बोलावून "मावशी, जेवण छान होतं" म्हणत तिच्या हातात वेगळे शंभर रुपये देणारे ग्रुप अगदी कमी.

गाइड आवडला असेल, तर त्याचा नंबर घ्या. पुढच्या वेळी थेट त्यालाच फोन केला, तर मध्ये कुणाचं कमिशन जात नाही आणि पूर्ण मजुरी त्याच्या घरी जाते. एका दिवसाच्या टीपेपेक्षा त्याला हे जास्त उपयोगी. फक्त नंबर ग्रुपवर किंवा पोस्टमध्ये टाकण्याआधी त्याला विचारून घ्या. आणि जुलैमध्ये त्याने फोन उचलला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. लावणी चालू असते, फोन घरी आणि तो गुडघाभर चिखलात.